बिननावाचं हर्क्युलिस-जोगतं कार्ड पुन्हा घडवताना : प्रकल्प नोंदी

जुन्या पीसीचं पडद्याचं (व्हिडिओ) कार्ड नव्याने बनवण्याचं हे काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर माझे वाया गेलेले शनिवार-रविवार त्याचे वाचावेत, म्हणून या नोंदी ठेवल्या. रोज रात्री वहीत लिहिलं तसंच इथे आहे, फक्त खाडाखोड काढली. आयबीएम पीसीच्या काळातल्या टीटीएल चिपांशी (एकेक छोटं तार्किक काम करणाऱ्या सुट्या चिपांशी) थोडीफार ओळख असेल तर सगळं समजेल.

५ जानेवारी

कार्ड हातात आलं. एका निवृत्त सहकाऱ्यांकडचं आहे. हर्क्युलिसशी जुळणारं मोनोक्रोम (एकरंगी) कार्ड, पण बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, सोल्डरच्या बाजूला फक्त एक आकडा. असं दुसरं कार्ड त्यांनी किंवा मी पाहिलेलं नाही. लावलं की मशीन चालू होतं, पडदा मात्र काळा. देताना ते एवढंच म्हणाले, "मोडलं तरी चालेल, पण परत बोलतं कर."

थोडी पार्श्वभूमी. आयबीएमचा १९८१ चा मोनोक्रोम अडॅप्टर फक्त अक्षरं दाखवायचा, चित्र नाही. १९८२ मध्ये व्हॅन सुवन्नुकुल यांनी हर्क्युलिस कार्ड बनवलं ते आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा म्हणून. अक्षरं तितकीच सुबक, वर ७२० × ३४८ ठिपक्यांचं ग्राफिक्स. त्याच्याशी जुळणारी कार्डं नंतर अनेकांनी काढली. सुरुवातीच्या कार्डांत खास बनवलेली मोठी चिप नसते, सगळं सुट्या चिपांनी केलेलं असतं. नक्कल शक्य आहे ती त्यामुळेच.

मोजदाद : एक ६८४५ (पडद्यासाठी मेमरीचे पत्ते मोजणारी चिप), आठ ४४१६ मेमरी चिपा (मिळून ६४ केबी), अक्षरांसाठी एक २७३२ इप्रॉम (वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी मेमरी), दोन पाल१६एल८ (आतले फ्यूज उडवून हवं ते तर्क बसवायच्या चिपा), १६.२५७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि ३४ टीटीएल चिपा. दोन टीटीएल चिपांवरचे आकडे घासून काढलेले. बोर्ड दोन थरांचाच आहे, आत लपलेला थर नाही. हे पाहून जीव भांड्यात पडला.

११ जानेवारी

चिपा काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो. प्रत्येक चिपेची खाच कुठल्या दिशेला आहे ते वेगळं लिहून ठेवलं. यात कंटाळा करू नका. पुढे तीनदा याच फोटोंकडे परत यावं लागलं.

स्कॅनिंगमध्ये अर्धा दिवस गेला. माझा पातळ स्कॅनर काचेला टेकलेलंच स्पष्ट टिपतो, सोल्डरच्या टोकांमुळे बोर्ड दोन मिलिमीटर वर राहतो आणि ट्रॅक धूसर येतात. जुना, जाड, आत आरसे असलेला स्कॅनर मागून आणला, मग १२०० डीपीआयला ट्रॅकच्या कडा नीट आल्या. स्कॅन आडवा-उभा सारखा ताणलेला नसतो, म्हणून माप कनेक्टरवरून घेतलं. आठ-बिट स्लॉटला एका बाजूला ३१ पट्ट्या, दोन पट्ट्यांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे पहिलीच्या मध्यापासून शेवटचीच्या मध्यापर्यंत ७६.२ मिलिमीटर. स्कॅनमध्ये ७६.६ भरत होतं. ही दुरुस्ती केली नसती तर नवीन बोर्ड स्लॉटमध्ये बसलाच नसता.

१८–१९ जानेवारी

सगळ्या चिपा काढल्या. दोन दिवस, सोळा तास.

पहिल्या चार चिपा गरम हवेने काढल्या आणि तिथेच चूक झाली. ग्राउंडच्या पिना रुंद तांब्याला जोडलेल्या असतात, त्या उशिरा तापतात. बाकीच्या पिना सुटल्या म्हणून मी चिप ओढली आणि ग्राउंडच्या पिनेबरोबर भोकातली नळी आणि पॅड दोन्ही बाहेर आलं. असे तीन पॅड गेले. त्यानंतर पद्धत बदलली : आधी प्रत्येक पिनेला ताजं सोल्डर, मग शोषक पंप, ग्राउंडच्या पिना सर्वांत शेवटी आणि चिप बोटाने हलते आहे हे दिसल्याशिवाय ओढायची नाही. उरलेल्या चिपांत एकही पॅड गेला नाही.

प्रत्येक टीटीएल चिप टेस्टरमध्ये घातली. दोन मेलेल्या निघाल्या : एक ७४एलएस३२ आणि एक ७४एलएस१६६. यांतली दुसरी चिप बाइटचे ठिपके एकामागून एक बाहेर सोडते, तीच मेली तर पडदा काळाच राहणार. मूळ बिघाड सापडला. इथेच थांबून दोन चिपा बदलल्या असत्या तरी कार्ड बहुधा चाललं असतं. पण असं कार्ड एकच असावं आणि तेही कुणाच्या कपाटात पडून राहावं, हे मनाला पटत नव्हतं.

घासलेल्या दोन चिपा टेस्टरने ७४७४ म्हणून ओळखल्या. कुठल्या जातीच्या, हे तो सांगत नाही. इनपुटची पिन मिलिअँपिअर मीटरमधून ग्राउंडला लावली तर जात कळते : एलएसमध्ये कमाल ०.४ मिलिअँपिअर वाहतो, साध्या ७४ मध्ये १.६ पर्यंत, एसमध्ये २ पर्यंत. माझ्याकडे १.१ भरला, म्हणजे एलएस नक्कीच नाही. या चिपा १६.२५७ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर बसलेल्या आहेत आणि साध्या ७४७४ ला तेवढ्या वेगाची हमी नाही, म्हणून ७४एस७४ धरल्या.

२६ जानेवारी

नेटलिस्ट, म्हणजे कुठली पिन कुठल्या पिनेला जोडलेली याची यादी. मल्टिमीटर बीपवर, एक टोक एका पिनेवर, दुसरं सगळीकडे फिरवायचं. स्कॅनवर ट्रॅक रंगवत गेले आणि प्रत्येक जोडणी मीटरने तपासली. फक्त डोळ्यांवर विसंबू नका, चिपेखालून जाणारे दोन ट्रॅक एक वाटतात.

२ फेब्रुवारी

आठवडाभराच्या संध्याकाळी पाण्यात. मेमरीच्या पत्त्यांच्या तारांवर मीटर विचित्र काहीतरी सांगत होता. मल्टिप्लेक्सरची (पत्त्याचा रांगेचा की स्तंभाचा भाग पुढे जाणार ते निवडणाऱ्या चिपेची) पिन थेट मेमरीला जोडलेली दिसायची, पण स्कॅनमध्ये मधे एक रेझिस्टर स्पष्ट होता. तो ३३ ओहमचा आहे, आणि माझा मीटर ५० ओहमच्या खाली काहीही असलं की बीप करतो. म्हणजे रेझिस्टरच्या दोन्ही टोकांची जाळी मी एकच धरून बसले होते, आणि हे मेमरीपुरतं नव्हतं, आरएएस आणि सीएएसच्या (मेमरीला रांगेचा आणि स्तंभाचा पत्ता कधी घ्यायचा ते सांगणाऱ्या) तारांवरही असेच रेझिस्टर आहेत. सगळे रेझिस्टर काढून मेमरीचा पूर्ण भाग पुन्हा मोजला. रेझिस्टर आधी काढा, मग बीप करा.

मांडणी मात्र सुरेख आहे. चार-चार चिपांचे दोन गट, एका गटातून एका वेळी १६ बिट निघतात. पहिला गट म्हणजे बी०००० (हेक्स पत्ता) पासूनचं पान, दुसरा बी८००० पासूनचं. पत्त्याचे आठ बिट रांगेसाठी, सहा स्तंभासाठी, उरलेला एक गट निवडतो. एका अक्षराला नऊ ठिपके, म्हणजे साधारण ५५३ नॅनोसेकंद. तेवढ्यात एक वाचन पडद्यासाठी आणि एक फेरा सीपीयूसाठी, दोन्ही बसवलेत.

९ फेब्रुवारी

आता पाल. आतले फ्यूज वाचू न देणारा फ्यूज आधीच उडवलेला, त्यामुळे प्रोग्रामर सगळीकडे शून्य दाखवतो. सरळ रस्ता बंद.

पण १६एल८ मध्ये फ्लिपफ्लॉप (आधीची स्थिती लक्षात ठेवणारे भाग) नसतात. दहा पिना फक्त इनपुट, दोन फक्त आउटपुट, सहा दोन्हीकडच्या. जास्तीत जास्त १६ इनपुट, म्हणजे ६५,५३६ शक्यता. मायक्रोकंट्रोलरला जोडून एकेक शक्यता द्यायची, आउटपुट लिहून घ्यायचं. दोन्हीकडच्या पिनांना १ किलोओहममधून सिग्नल दिला, म्हणजे ती पिन आउटपुट निघाली तरी भांडण होत नाही. काही सेकंदांत पूर्ण तक्ता तयार.

पहिली पाल सोपी निघाली. पत्ते ओळखते : मेमरी, ३बी० ते ३बीएफ पोर्ट आणि त्यांतच ३बीसीपासूनचं प्रिंटर पोर्ट. एईएन तार (डीएमए, म्हणजे सीपीयूला वगळून होणारी मेमरीची थेट ने-आण, चालू असल्याचं सांगणारी) वर असेल तर पोर्टांकडे लक्ष द्यायचं नाही, हेही समीकरणात आलं. ते सुटलं असतं तर डीएमए चालू असताना कार्डाने भलत्याच वेळी पोर्ट लिहून घेतलं असतं.

१५–१६ फेब्रुवारी

दुसरी पाल. तक्ता काढला, समीकरणं लहान केली, पण एक आउटपुट काही केल्या आटोपशीर होईना. सतराशे साठ पदं आणि त्यांत काही तर्क नाही.

सवयीने तोच तक्ता उलट्या क्रमाने, मोठ्या पत्त्याकडून लहानाकडे, पुन्हा वाचला. काहीशे ठिकाणी उत्तर बदललं! इनपुट तेच, उत्तर वेगळं, म्हणजे आत काहीतरी आठवणीत राहतंय. आउटपुट परत आत वळवून लॅच केलेला (धरून ठेवलेला) आहे. ती पिन नेटलिस्टवर पाहिली तर आयओ-चॅनेल-रेडीकडे जाणारी. सीपीयूची मागणी आली की लॅच बसतो आणि सीपीयूला थांबवतो, त्याचा फेरा आला की सुटतो. हे कळल्यावर पान भरून असलेलं समीकरण तीन पदांवर आलं. पाल वाचणार असाल तर निदान दोन क्रमांनी वाचा, मी आता तिसरा, कसाही उडत जाणारा क्रमही लावते.

दोन्ही समीकरणं गाल१६व्ही८ वर (पालच्या जागी बसणाऱ्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपांवर) चढवली. १५ नॅनोसेकंदवाल्या (इनपुटपासून आउटपुटपर्यंत लागणारा वेळ) घरात होत्या, त्याच वापरल्या. (ही ओळ लक्षात ठेवा.)

२३ फेब्रुवारी

अक्षरांचं इप्रॉम. खिडकीवरचं लेबल कधीतरी निघून गेलेलं. तीनदा वाचलं, सगळ्या बाइटांच्या तीन बेरजा वेगळ्या आल्या. पुरवठा ५ व्होल्टवरून ४.५ वर आणला तेव्हा वाचन स्थिर झालं. विजेचा साठा गळत आलेले बिट शून्याचे एक व्हायला लागतात, कमी व्होल्टेजला ते अजून शून्य वाचले जातात.

तरी चार बिट गेलेलेच होते. २५६ अक्षरं चौकटीत छापून डोळ्यांनी तपासली. एका अक्षराच्या पोटात एकटा ठिपका, दुसऱ्याच्या पायाशी एक, अशा जागा कळतात. हाताने दुरुस्त केल्या. २७३२ ला लागणारं जास्तीचं व्होल्टेज माझा प्रोग्रामर देत नाही, म्हणून नवीन बोर्डावर २८ पिनांची जागा ठेवली आणि २७सी६४ बसवणार आहे.

८ मार्च

आराखडा पूर्ण, बोर्ड बनवायला पाठवले, कमीत कमी पाच घ्यावे लागतात. ट्रॅक स्कॅनवरून तसेच्या तसे काढले, दोनच बदल : इप्रॉमची जागा आणि मेमरीजवळ दोन पत्त्यांच्या तारांची अदलाबदल. तिथे दोन ट्रॅक एकमेकांना ओलांडत होते. मेमरीच्या पत्त्यांच्या तारा कुठल्याही क्रमाने लावल्या तरी चालतं हे ठाऊक असल्याने ए० आणि ए३ बदलून रस्ता सरळ केला.

कनेक्टरच्या पट्ट्यांना कठीण सोन्याचा मुलामा आणि कडेला उतार, दोन्ही वेगळं सांगावं लागतं. सांगितलं.

२९ मार्च

आठ मेमरी चिपा जळाल्या. पहिल्या फेरीचे पाचही बोर्ड वाया.

बोर्ड मशीनमध्ये लावण्याआधी बाहेरच्या सप्लायवर चालवला, मर्यादा १.५ अँपिअर. बटण दाबताच सप्लाय मर्यादेला टेकला. मेमरीच्या रांगेवर बोट ठेवलं, चटका बसला.

कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत, म्हणून जास्त वाईट वाटलं. ४४१६ मध्ये ५ व्होल्ट ९ नंबरच्या पिनेला आणि ग्राउंड १८ नंबरला असतं, टीटीएलच्या बरोबर उलट. माझ्या वहीत २६ जानेवारीला मीटरने मोजलेलं बरोबर लिहिलंय : "पिन ९, ५ व्होल्ट." त्याच्याशेजारी माझ्याच अक्षरात १ मार्चची नोंद आहे : "उलट मोजलं असावं, बदललं." १८ पिनांच्याच २११४ या दुसऱ्या मेमरी चिपेचं आराखड्यातलं चिन्ह मी आधार म्हणून घेतलं होतं. त्यात ग्राउंड ९ ला आणि व्होल्टेज १८ ला असतं, आणि ते डोळ्याला बरोबर वाटलं. कार्ड खरं सांगत होतं, मी त्याला दुरुस्त केलं. मोजलेलं खोडायचं असेल तर पुन्हा मोजूनच खोडायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

सप्लायवर मर्यादा होती म्हणून बाकीच्या चिपा वाचल्या. मशीनच्या सप्लायवर थेट लावलं असतं तर ट्रॅकही गेले असते. आठ नव्या ४४१६ मिळवायला दोन आठवडे, बोर्डांची दुसरी फेरी वेगळी. पूर्ण कामात सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

१९ एप्रिल

दुसरा बोर्ड. सप्लायवर ०.९ अँपिअर, काही तापत नाही.

मॉनिटर लगेच जोडला नाही. आयबीएम ५१५१ सारख्या जुन्या मोनोक्रोम मॉनिटरना स्वतःचं आडवं घड्याळ नसतं, कार्डाच्या सिंकवरच (नवी रेघ आणि नवा पडदा कधी सुरू करायचा ते सांगणाऱ्या सिग्नलवर) ते चालतात. चुकीच्या सिंकने आतला भाग जळू शकतो. आधी ऑसिलोस्कोप. गणित असं : टेक्स्टमध्ये एका ओळीत ९८ अक्षरांइतका वेळ, प्रत्येकी ९ ठिपके, म्हणजे ८८२. १६.२५७ मेगाहर्ट्झला ८८२ ने भागलं की १८.४३२ किलोहर्ट्झ. उभ्या ३७० रेघा, म्हणून ४९.८ हर्ट्झ. मॉनिटरच्या कनेक्टरच्या पिन ८ वर १८.४३, पिन ९ वर ४९.८. आडवा सिंक धन, उभा ऋण. सगळं जागेवर.

जोडला. तीसेक सेकंदांनी हिरवा प्रॉम्प्ट उमटला. खुर्चीवर मागे टेकून नुसती बघत बसले.

मग दिसलं की प्रॉम्प्ट दोन आहेत.

२० एप्रिल

डाव्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं अक्षर पडद्याच्या मध्याखाली, उजवीकडे पुन्हा उमटतं. खालचं पुसलं तर वरचंही जातं. म्हणजे चित्र दोनदा दिसत नाहीये, मेमरीतली एकच जागा दोन पत्त्यांना उत्तर देतेय.

बोटाने मोजलं : बारा ओळी खाली, चौसष्ट घरं उजवीकडे. १२ × ८० + ६४ = १०२४. दोनचा दहावा घात! पत्त्याचा दहा नंबरचा बिट मेमरीपर्यंत पोचत नाही. तार तपासली, अखंड. स्कोपवर सिग्नल आहे. चिपेच्या पिनेपर्यंत आहे. तासभर डोकं धरून बसले, मग ४४१६ ची माहितीपत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि सापडलं. या चिपेत रांगेचा पत्ता ए० ते ए७ अशा आठही तारांवरून जातो, पण स्तंभाचा फक्त ए१ ते ए६ वरून. स्तंभाच्या वेळी ए० आणि ए७ कडे चिप बघतच नाही. मी ए० आणि ए३ ची अदलाबदल केली, त्यामुळे स्तंभाच्या वेळी दहावा बिट बहिऱ्या पिनेवर जात होता.

"पत्त्याच्या तारा कशाही लावा" हे ४१६४ सारख्या दुसऱ्या मेमरी चिपेला बरंचसं लागू आहे, ४४१६ ला नाही. आणि ४१६४ लाही रांगेचे बिट स्तंभात ढकलता येत नाहीत, कारण इथे रिफ्रेश (मेमरीतला साठा गळून जाण्याआधी ताजा करणं) वेगळा केलेला नाही. ६८४५ पडद्यासाठी पत्ते मोजत जातो, त्यांचे खालचे आठ बिट रांगेला दिलेत, म्हणून पडदा रंगवताना सगळ्या २५६ रांगा आपोआप ताज्या होतात.

दुरुस्ती मात्र सोपी होती. प्रत्येक तार ३३ ओहमच्या रेझिस्टरमधून जाते, म्हणून त्या दोन रेझिस्टरांचा एकेक पाय उचलून वायरने फुलीसारखा ओलांडला. प्रॉम्प्ट एकच राहिला.

२६ एप्रिल

दुहेरी रेघांच्या चौकटीत प्रत्येक अक्षरानंतर एक ठिपका रिकामा. आठ ठिपक्यांची अक्षरं नऊच्या घरात बसतात, नववा रिकामा असतो. फक्त सी० ते डीएफ या (हेक्स) क्रमांकांच्या अक्षरांत आठवाच ठिपका नवव्यात पुन्हा येतो, म्हणजे आडव्या रेघा सांधल्या जातात. हे ओळखणाऱ्या गेटची एक तार चिपेखालच्या व्हायाजवळ (दोन थर जोडणाऱ्या भोकाजवळ) माझ्या नजरेतून सुटली होती. एक वायर, वीस मिनिटं.

३ मे

ग्राफिक्स. ३बीएफ पोर्टवर आधी परवानगी द्यावी लागते, मग ३बी८ चा ग्राफिक्सचा बिट लागू होतो. ३बीएफ चा दुसरा बिट बी८००० चं पान उघडतो. तिथे रंगीत कार्डाची मेमरी असते, त्यामुळे मशीनमध्ये रंगीत कार्डही असेल तर तो बिट लावू नका, दोन्ही कार्डं एकाच पत्त्यावर बोलायला लागतात.

चित्र आलं, पण पडद्यावर आडव्या बारीक रेघा सांडलेल्या. अर्ध्या तासाने वाढायच्या. प्रत्येक रेघ बरोबर आठ ठिपक्यांची आणि एकदा उमटली की तिथेच राहणारी. आठ म्हणजे एक बाइट, राहते म्हणजे मेमरीतच चुकीच्या जागी लिहिलं गेलंय. मागे वळून पाहिलं तर टेक्स्टमध्येही तासाभरात एखादं अक्षर बदलायचं. तेव्हा मी ते सॉकेटवर ढकललं होतं.

मेमरी बदलली, फरक नाही. प्रत्येक चिपेजवळ कपॅसिटर वाढवले, फरक नाही. दिवस संपला.

११ मे

स्कोपचं एक टोक सीएएसवर, दुसरं मेमरीच्या पत्त्याच्या पिनेवर. सीएएस खाली येतो त्या क्षणी पत्त्याची तार अजून वर चढतेच आहे. स्तंभाचा पत्ता बसण्याआधीच चिप तो घेतेय.

मूळ पाल २५ नॅनोसेकंदची. मी बसवलेली गाल १५ ची. सीएएस तिच्यातून निघतो, तर पत्ता निवडणारा सिग्नल तिला वगळून थेट ७४एलएस१५७ या मल्टिप्लेक्सरला जातो. ज्याने हे कार्ड आखलं त्याने पालच्या संथपणावर हिशोब बसवला होता आणि मी सीएएस दहा नॅनोसेकंद लवकर केला. २५ नॅनोसेकंदच्या गाल बसवल्या. स्कोपवर पत्ता आधी स्थिर, मग सीएएस. तीन तास चालवलं, एकही रेघ नाही.

जुन्या कार्डात वेगवान चिप घालताना ती कुणाच्या आधी पोचतेय हे पाहा. टीटीएलऐवजी एचसीटी (त्याच पिनांच्या, नंतरच्या जातीच्या चिपा) घालण्याचा मोह मी याच कारणाने टाळला.

१७ मे

एक छोटा प्रोग्राम लिहिला, देवनागरी काढणारा. या कार्डावर ठिपक्याचा पत्ता सरळ नसतो. रेघेला चारने भागून जी बाकी उरते ती ८१९२ बाइटांचा कप्पा ठरवते, भागाकार गुणिले ९० ही कप्प्यातली ओळ, आणि आडव्या अंतराला आठने भागलं की बाइट. चार-चार रेघांचे ८७ गट म्हणून ३४८. अक्षरांच्या ३५० रेघांतल्या दोन गेल्या, त्या चारच्या हिशोबात बसत नाहीत म्हणून.

देवनागरी घेतली ती शिरोरेषेसाठी. कार्ड एका वेळी १६ ठिपके उचलतं, उचलण्याच्या क्षणात चूक असेल तर दर सोळाव्या ठिपक्याला रेघ तुटेल. 'अक्षर', 'काळा', 'ऋण' असे शब्द पूर्ण रुंदीभर ओळीने काढले. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे अखंड, ७२० ठिपके. डोळा पडद्याला लावून पाहिली, मग भिंग घेऊन.

अक्षरं पहिल्यांदा लांबुडकी आली. इथला ठिपका रुंदीच्या सुमारे दीडपट उंच असतो, त्यामुळे चौरस चौकटीत काढलेला 'ळ' बारीक आणि उंच दिसतो. अक्षरं दीडपट रुंद काढली, मग त्याच्या दोन्ही वाट्या गोल झाल्या.

संध्याकाळी ते सहकारी आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याचं टेक्स्ट मी वर्षानुवर्षं बघितलंय. मराठी याच्यावर कधी बघितली नव्हती." आणि 'ळ' जरा डावीकडे घे म्हणाले, तो पुढच्या अक्षराला चिकटत होता. घेतला.

२५ मे

मूळ बोर्डाचे उपटलेले तीन पॅड वायरने जोडले, सगळीकडे सॉकेट लावले, दोन मेलेल्या टीटीएल बदलल्या, त्याच्या स्वतःच्या पाल परत बसवल्या. अक्षरांचं इप्रॉम एका छोट्या अडॅप्टरवर. तोही चालतो. तो उद्या परत देणार.

हिशोब : पाच महिने, साधारण १६० तास. त्यांतले चाळीसेक नेटलिस्टला, तितकेच चुका शोधण्यात. खर्चात सर्वांत मोठा वाटा बोर्डांच्या दोन फेऱ्यांचा, त्याखालोखाल ४४१६ चिपांचा, कारण त्या दोनदा घ्याव्या लागल्या. टीटीएलचा खर्च नगण्य. प्रिंटर पोर्ट पहिल्या झटक्यात चाललं, म्हणून त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

आराखड्यात ए० आणि ए३ मूळ जागी परत नेले, सुटलेली तार घातली, गालच्या शेजारी "२५ नॅनोसेकंदच" असं बोर्डावरच छापलं. ब्रॅकेटची नऊ पिनांच्या कनेक्टरची जागा दीड मिलिमीटर खाली सरकवायची बाकी आहे, सध्या कानस मारून बसवलंय. दुसऱ्या फेरीतले चार बोर्ड कोरे उरलेत. त्यांना रेझिस्टरांची फुली आणि ती एक वायर हाताने करावी लागेल, ज्यांना हवेत त्यांनी ही तयारी ठेवून मागावेत.